तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं सामान ठेवता तरी कुठं?

रुखवताची ऑर्डर द्यायला नाहीतर बाळंतविडा न्यायला आलेली बाई आधी माल बघते, मग खोलीभर नजर फिरवते आणि विचारते, "वहिनी, येवढं सगळं ठेवता तरी कुठं ओ?" खोली कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरातली. एक खिडकी, भिंतीतलं एक फडताळ, वर माळा, शिलाई मशीन आणि सासूबाईंचा पलंग. त्या नऊला आडव्या होतात, त्यामुळं पसारा उद्यावर ढकलायची सोय नाही. प्रश्न रास्त आहे, एकदाचं सविस्तर सांगते.

बहुतेकजणी आधी डबे आणतात. एकसारखे, पारदर्शक. एकात मणी, एकात लेस, एकात टिकल्या. फोटोत झकास दिसतं. पण एक तोरण करायला घेतलं की सगळ्या डब्यांची झाकणं उघडतात आणि पाय टाकायला जागा राहत नाही. म्हणून मी सामान कामाप्रमाणं लावते. तोरणाच्या ट्रेमध्ये कॅनव्हासच्या पट्ट्या, मोती, जाड सुई, नायलॉनचा दोरा आणि कात्री. बाळंतविड्याच्या ट्रेमध्ये कुंची-टोपड्याचं कापड, मऊ लेस, नाड्या आणि तिथली वेगळी कात्री. कात्र्या जास्त घ्याव्या लागतात, खरं आहे. एकच कात्री घरभर शोधत बसण्यापेक्षा ते परवडतं. हलव्याच्या दागिन्यांचा डबा माळ्यावर, तो डिसेंबरात खाली येतो. त्यात उरलेला हलवा तेवढा ठेवू नका, मुंग्या माळ्यापर्यंत वाट काढतात.

दागिने ओवणारा पटवेकरी कधी नीट बघितलाय? दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलेला, मणी पुढ्यात, बसल्या जागेवरून न उठता साज ओवून होतो. त्याला कुणी रॅक विकू शकणार नाही. हात पोचतो तेवढीच जागा कामाची. बाकी सगळं गोदाम.

मण्यांना मिसळणाचा डबा उत्तम. वाट्या सुट्या निघतात, सांडलं तर एकच वाटी सांडते. बारीक काचमण्यांचा नंबर उलटा चालतो, 8 नंबरपेक्षा 11 नंबर बारीक. नवख्या मुली इथं हमखास फसतात, म्हणून प्रत्येक पुडीच्या तोंडाला त्यातलेच चार-पाच मणी ओवून बांधते. चिठ्ठी वाचायचं कामच नको.

भरतकामाच्या दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची, सहा पदरी. तिच्यावरचा कागद निसटला की रंगाचा नंबर गेला, आणि महाद्वार रोडला जाऊन तोच पोपटी रंग डोळ्यांनी जुळवणं म्हणजे शिक्षा. तेव्हा लडी उघडली की लगेच पुठ्ठ्यावर गुंडाळायची आणि पुठ्ठ्यावर नंबर लिहायचा. पुठ्ठा विकत कशाला? लग्नपत्रिका कापायच्या. दोन बाजूंना खाच दिली की दोरा घसरत नाही.

आता पाऊस. इथला पाऊस जूनमध्ये बसला की सप्टेंबरपर्यंत काही उठत नाही, आणि ट्रे-डब्यांपेक्षा खरी परीक्षा तोच घेतो. साडीचे पुठ्ठ्याचे खोके ओल धरतात आणि त्यात कसर होते. पावसाळ्याआधी त्यातलं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात हलवायचं. फडताळाची मागची भिंत ओली होत असेल तर डबे तिला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. जरीचा दोरा मलमलीत गुंडाळून ठेवा. त्याला रबरबँड कधीच लावू नका. रबरात गंधक असतं, आणि चांदीची तार असो की तांब्याची, ती काळी पडते. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे खडे गुलाबी झाले की त्यांचं पोट भरलं. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीकडच्या किंवा सुतार वाड्याच्या बाजूच्या बायकांना मी ट्रे-डब्यांचं काही सांगत नाही. 2019 च्या महापुरानंतर त्यांना सांगायचं काय? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोका पातळी, हे आकडे त्यांना तोंडपाठ. त्यांनी खालचा कप्पा पावसाळाभर रिकामा ठेवावा आणि कापड आधी माळ्यावर न्यावं. काचमणी भिजले तर धुऊन वाळवता येतात.

चिंध्यांचं विचारतात. तळहातापेक्षा मोठा तुकडा ठेवायचा, लहान असेल तर पिशवीत. पिशवी एकच. भरली की वाकळ शिवणाऱ्या मावशींकडं पोचवायची. "कधीतरी लागेल" म्हणून दुसरी पिशवी सुरू केली, की सासूबाईंनी पलंग कुठं टाकायचा?

आणि हो, पत्रिका जमवायला लागलात तर जाड आणि खरखरीत बघून ठेवा. चकचकीत पत्रिकेवर बॉलपेन उठत नाही, आणि नंबरच दिसला नाही तर गुंडाळून उपयोग काय?