क्रोनोमीटरवर फेऱ्यांची नोंद: कुठवर जमलं, कुठे अडतं

सध्याचं सामान: लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप, त्यावर धावपटूंच्या फेऱ्यांच्या वेळा नोंदवायला केडीई या लिनक्सवरच्या प्रोग्रामांच्या संचातलं क्रोनोमीटर हे स्टॉपवॉच, लांब वायरचा साधा यूएसबी कीबोर्ड, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आणि वही-पेन्सिल. ट्रॅक ४०० मीटरचा. विंडोजसोबत येणाऱ्या घड्याळातही फेऱ्या मोजता येतात, पण त्यांची फाइल काढायची सोय नाही; स्क्रीनशॉट बघून आकडे पुन्हा टाइप करायचे म्हणजे चुकांना आमंत्रण. क्रोनोमीटर सत्र सेव्ह करतं, प्रत्येक फेरीपुढे टीप लिहू देतं आणि अख्खा तक्ता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देतं. बाकी त्यात फारसं काही नाही, आणि ते बरंच आहे.

आधी कळा

सुरू करणं आणि थांबवणं स्पेसबारवर, फेरी एंटरवर, घड्याळ शून्यावर आणणं एफ५ वर. नवख्याचा बोट ठेवण्याचा गोंधळ पहिल्याच दिवशी होतो, म्हणून चार गोष्टी आधीच करून ठेवाव्यात.

एक, आकड्यांच्या पॅडवरचा एंटर आणि मधला मोठा एंटर या प्रोग्रामच्या लेखी दोन वेगळ्या कळा आहेत. पॅडवरचा दाबून फेरी पडत नसेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही. शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'फेरी'ला पर्यायी कळ म्हणून जोडायचा. कोपऱ्यातली कळ असल्याने न बघता सापडते, म्हणून तीच सोयीची.

दोन, कळ दाबून धरली की तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटतं, ती सोय सिस्टिम सेटिंगमधून बंद ठेवायची. थंडीत हातमोजे घालून बसलेल्याचं बोट एंटरवर जरा रेंगाळलं की ओळीने खोट्या फेऱ्या पडायचा धोका असतो.

तीन, पडदा बंद होणं, कुलूप लागणं आणि लॅपटॉप झोपणं, तिन्ही बंद. पडद्याला कुलूप लागलेलं असताना दाबलेला एंटर पासवर्डच्या चौकटीत जातो, घड्याळाला पोचतच नाही.

चार, धाव चालू असताना टीप लिहायला जायचं नाही. टिपेच्या चौकटीत कर्सर असला की एंटर म्हणजे 'लिहून झालं', आणि स्पेस म्हणजे नुसती मोकळी जागा. समोरून धावपटू रेषा ओलांडून जातो आणि तक्ता जागच्या जागी. टिपा वहीत, तक्त्यात नंतर.

एकूण वेळेचा रकाना

तक्त्यात प्रत्येक फेरीला दोन वेळा दिसतात: त्या फेरीची, आणि सुरुवातीपासूनची एकूण. बहुतेकांचं लक्ष फेरीच्या वेळेवर असतं. भरवसा ठेवायचा तो एकूण वेळेवर. कळ एकदा जास्त दाबली गेली वा एखादी फेरी हुकली तरी पुढच्या एकूण वेळा बरोबरच राहतात. बिघडते ती आजूबाजूची वजाबाकी.

उदाहरण घ्या. एकूण वेळा आल्या १:३२.४, ३:०४.१, ३:०५.०, ४:३७.२. फेऱ्यांच्या रकान्यात दिसेल १:३२.४, १:३१.७, ०:००.९, १:३२.२. तिसरी ओळ दुहेरी दाबाची. ती नुसती उडवली तर शेवटची फेरी १:३२.२ राहते, आणि ते चूक. ४:३७.२ मधून ३:०४.१ वजा करायचे: १:३३.१ ही खरी फेरी. दुहेरी दाबात पहिला दाब धरायचा, दुसरा बहुधा बोटाचा उसळा असतो.

हुकलेल्या फेरीचं उलट. ४:३७.२ नंतर थेट ७:४२.० आलं, म्हणजे दोन फेऱ्यांचे ३:०४.८. त्याचे दोन समान भाग करून १:३२.४ असं दोनदा लिहायचा मोह आवरा. तसं लिहिलं की धावपटूने वेग एकसारखा राखला असं नोंदीत दिसतं, आणि ते कुणी पाहिलेलं नाही. ओळीपुढे 'दोन फेऱ्या मिळून' एवढंच लिहायचं. उशिरा लक्षात आलं म्हणून मागाहून कळ दाबणं तर अजिबात नको. त्याने एकाऐवजी दोन फेऱ्या नासतात.

एक घड्याळ, सहा धावपटू

सहा खिडक्या उघडून सहा घड्याळं चालवायचा बेत कागदावर छान दिसतो. दोन धावपटू लागोपाठ आले की कोणत्या खिडकीवर क्लिक करायचं हे ठरेपर्यंत सेकंद गेलेला असतो. जमतं ते असं: घड्याळ एकच, रेषा कुणीही ओलांडो, एंटर. शेजारचा माणूस फक्त छातीवरचे क्रमांक ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वहीत उतरवतो: ४, १, ६, २, ५, ३. प्रत्येक चोवीस दाबांनंतर वहीत आडवी रेघ मारून तक्त्यातला ओळक्रमांक शेजारी टिपायचा. ताळा तिथेच बसतो किंवा तिथेच फसतो, चाळीस ओळी पुढे जाऊन नाही.

दोघे खांद्याला खांदा लावून आले तर दोनदा दाबायचं; दुसरी वेळ थोडी मागे पडणारच. वहीत त्या दोन क्रमांकांना कंस करायचा.

फाइल आणि कॅल्क

घड्याळ थांबवून आधी सत्र सेव्ह, मग फेऱ्या सीएसव्हीत एक्स्पोर्ट, आणि त्यानंतरच एफ५. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे फोल्डरमध्ये ओळ आपोआप लागते.

लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटच्या प्रोग्राममध्ये उघडल्यावर पहिली नजर वेळेच्या रकान्यावर. आकडे डाव्या कडेला चिकटलेले असतील तर कॅल्कने ते मजकूर म्हणून घेतलेत आणि बेरीज शून्य येईल. दुसरी गफलत जास्त वाईट, कारण ती दिसत नाही: अपूर्णांक नसलेलं १:३२ हे कॅल्क एक तास बत्तीस मिनिटं समजतं. म्हणून क्रोनोमीटरच्या सेटिंगमध्ये दशांश दाखवणं चालूच ठेवायचं. तिसरं, एकूण वेळ तासापुढे गेली की मिनिटं पुन्हा शून्यापासून दिसू लागतात. सेलच्या फॉरमॅटमध्ये मिनिटांच्या खुणेला चौकटी कंस घातला की ६० च्या पुढे मोजणी चालू राहते.

सेकंद हवे असतील तर वेळेला ८६४०० ने गुणायचं, कारण कॅल्क वेळ दिवसाच्या अपूर्णांकात ठेवतं. मग वहीतले क्रमांक शेजारच्या रकान्यात भरायचे, आधी क्रमांकाने आणि मग एकूण वेळेने क्रम लावायचा, आणि प्रत्येक ओळीतून वरची ओळ वजा. सहा जणांच्या सगळ्या फेऱ्या सुट्या होतात. क्रमांक बदलतो तिथली पहिली ओळ मात्र वजाबाकीतून वगळायची, नाहीतर तिथे उणे आकडा येतो.

शतांशांचा सोस

पडद्यावर शतांश दिसतात म्हणून ते खरे होत नाहीत. हाताने मोजलेली ट्रॅकवरची वेळ नियमानुसार पुढच्या दशांशावर नेतात: १०.११ असेल तर १०.२. बंदुकीला हात उशिरा प्रतिसाद देतो, पण शेवटच्या रेषेवर धावपटू येताना दिसत असल्याने बोट आधीच तयार असतं. म्हणून हाताची वेळ खऱ्यापेक्षा कमी निघते. कमी अंतराच्या शर्यतींत स्वयंचलित वेळेशी तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवायची रूढी आहे ती यामुळेच. सुरुवात आवाजावर नको, धुरावर किंवा झेंड्यावर करायची. १०० मीटर लांबून आवाज यायलाच जवळपास ०.३ सेकंद जातात. आणि रेषेवर पाय किंवा डोकं नव्हे, धड पोचलं की कळ.

याहून मोठी चूक जमिनीवर असते. उंच कडा नसलेल्या, फक्कीने आखलेल्या ट्रॅकवर पहिल्या लेनचं अंतर आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजायचं. कडा असेल तर ३०. आखणाऱ्याने टेप थेट रेषेवर धरून ४०० भरवले आणि धावणारा ३० सेंटिमीटर बाहेरून धावला, तर फेरी १.८८ मीटर जास्त होते. ९२ सेकंदांच्या फेरीत हे ०.४३ सेकंद. कडा असलेल्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनमधून अख्खी फेरी मारली तर ४०७.०४ मीटर, म्हणजे दीड सेकंदाहून जास्त. कळ कितीही नेमकी दाबा, पावसाने फक्की धुऊन गेल्यावर ट्रॅक पुन्हा कसा आखला हे विचारल्याशिवाय दोन आठवड्यांचे आकडे शेजारी मांडू नयेत.

अंतरानुसार पहिली फेरी

८०० आणि १०,००० मीटरला पहिली नोंद पूर्ण फेरीची. ३००० आणि ५००० ला पहिली नोंद २०० मीटरची, १५०० ला ३०० ची. ती तक्त्यात 'फेरी १' म्हणूनच बसते आणि सरासरी बिघडवते, म्हणून कॅल्कमध्ये वेगळ्या रंगाने ठेवलेली बरी.

स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीचा, हिशेब निराळाच. पाण्याचा अडथळा ट्रॅकच्या आत असेल तर फेरी साधारण ३९६ मीटरची, बाहेर असेल तर साधारण ४१९ ची. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:११.२० अशी वेळ दिली. सरासरीने ४०० मीटरला ६५.४९ सेकंद. त्याच वेगाने ३९६ मीटरची फेरी ६४.८४ ला होईल. साध्या शर्यतीच्या तक्त्याशेजारी ती ठेवली तर वेग वाढल्यासारखा दिसेल, वाढलेला नसताना. म्हणून सत्राच्या पहिल्या टिपेत आता फेरीची लांबी मीटरमध्ये लिहिली जाते.

अडलेलं एकच: लॅपटॉपची बॅटरी मध्येच गेली तर सेव्ह न केलेलं सगळं जातं. तोवर वहीवाला दर चौथ्या फेरीला सगळ्यात पुढे असलेल्या धावपटूची एकूण वेळ पडद्यावरून उतरवून घेतो.