पडलेला फणस आणि माझी गिटार

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या दिवेआगरच्या वाडीतल्या सुपाऱ्या तर धडाधड गेल्याच, पण घरामागचा कापा फणस मुळासकट आडवा झाला. आजीने त्याच्यासाठी डोळ्याला पदर लावला, काका म्हणाले चौकटी होतील, आणि मी म्हटलं दोन ओंडके मला द्या, गिटार करायचीय. सगळे हसले.

हसण्यासारखं काही नव्हतं खरं तर. तंजावरची वीणा फणसाचीच असते, मृदंगाचं खोडही. मिरजेचे सतारवाले तुणाचं लाकूड वापरतात. गिटारवाले मात्र नुसतं शिसम शिसम करतात, मला ते निम्मं फॅडच वाटतं.

पहिला ओंडका सॉ मिलवर टाकला आणि मी चहाला गेलो, तिथेच माती खाल्ली. येऊन बघतो तर मिस्त्रीने एका कडेने सुरू करून सरळ फळ्या पाडलेल्या, चौकटीला चालतात तशा. लाकूड वाळताना गाभ्यापासून सालीकडे जेवढं आकसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट वलयांच्या दिशेने आकसतं, त्यामुळे अशा फळ्या पन्हळीसारख्या वळतात, फक्त मधली एखादी सरळ राहते. दुसऱ्या ओंडक्याला मी मशीनशेजारून हललोच नाही. आधी चार फाका, मग प्रत्येक फाकेतून अशी फळी की टोकाकडून बघितलं तर रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. गिटारची पाठ दोन तुकडे जोडून होते, एकेक साधारण 8 इंच रुंद. आमचं खोड 2 फुटी, म्हणजे अर्धं 1 फूट, त्यातून आतला गाभा सोडा, बाहेरचं पांढरं लाकूड सोडा कारण किडा आधी तिथे लागतो, की कसेबसे 8 इंच हातात!

इंचभर जाडीच्या फळ्या, टोकांना उरलेला ऑइल पेंट फासला कारण ओल टोकांतून आधी पळते आणि तिथूनच भेगा जातात, मधे पट्ट्या घालून पडवीत रचल्या. इंचाला एक वर्ष असा हिशोब सांगतात पण कोकणातल्या पावसाळ्यात कसला हिशोब, नुसती बुरशी पुसत बसलो. शेवटी 2022 मध्ये फळ्या पुण्याला आणल्या, कारण समुद्राकाठच्या दमट हवेत जोडलेली गिटार पुण्याच्या उन्हाळ्यात तडकणारच.

पुण्यात 5 मिमीचे काप काढायला गेलो तर सुतारकाका म्हणाले, "याचे काय पापड करायचेत?" ते पुढे घासून अडीच मिमीवर आणायचेत हे मी सांगितलंच नाही.

पाठ झक्कास जमली. साइडची पट्टी मात्र गरम पाइपवर वाकवताना कंबरेपाशी काट्कन गेली, आणि दुसऱ्या ओंडक्यातलं तेवढ्या लांबीचं काही उरलं नव्हतं. मग पहिल्या फसलेल्या ओंडक्यातली ती मधली सरळ फळी माळ्यावरून काढली. तिच्या साइड झाल्या. काकांच्या चौकटी कधीच बसल्या, त्यांना दारंही लागली, माझ्या गिटारचा गळा अजून व्हायचाय.