फॉलिक ॲसिड सगळेच देतात, बी १२ कोण बघतं?

चान्स घ्यायचा ठरल्यावर पहिल्या डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गोळी बरोबरच होती. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचंही धड लक्षात आलेलं नसतं. ती नळी नीट मिटावी म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही आधीपासून. पण बी १२ हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळतं, आणि मी जन्माची शाकाहारी, घरात अंडंही शिजत नाही. शिवाय पीसीओडीसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिनची गोळी चालू. मेटफॉर्मिनने बी १२ चं शोषण कमी होतं. याबद्दल चकार शब्द नाही.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "पायाला मुंग्या येतात का गं?" येत होत्या. मी ऑफिसच्या खुर्चीला बोल लावत होते. रिपोर्टमध्ये बी १२ आलं १२८. लॅबची खालची मर्यादा २००. हिमोग्लोबिन मात्र छान! त्या म्हणाल्या, "नुसतं फॉलिक घेत राहिलीस तर रक्त चांगलं दिसेल आणि नसा आतल्या आत बिघडतील." मग पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांची मुलं पुढे सहा वर्षांची झाल्यावर तपासली. गरोदरपणात आईच्या रक्तात फॉलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच्याच जातीचं जीवनसत्त्व) जास्त आणि बी १२ कमी, अशा मुलांमध्ये शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं.

मग इंजेक्शनं. औषध लालचुटुक, त्यातल्या कोबाल्टमुळे. टोचल्यावर बसताना तोंड वाकडं व्हायचं. सासूबाईंनी कुठूनसं स्पिरुलिना, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ, आणलं. त्यातलं बहुतेक बी १२ माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही, हे त्यांना पटवणं इंजेक्शनपेक्षा अवघड गेलं.

"याने दिवस राहतील?" मी विचारलंच. "तसं वचन नाही देणार. कमतरता फार असेल तर बीज तयार होण्यात अडथळा येऊ शकतो. पण तुझं मोठं कारण पीसीओडी." पुढे बीज तयार व्हायला मदत करणाऱ्या लेट्रोझोल या गोळीवर दिवस राहिले, त्यामुळे सगळं श्रेय बी १२ ला देणं मला पटत नाही. मुंग्या मात्र गेल्या.

गरोदरपणात मिळणाऱ्या सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी १२ नसतं. माझी बी १२ ची गोळी बाळंतपणानंतरही चालू राहिली. पहिले सहा महिने बाळ फक्त अंगावर पिणार होतं, आणि माझ्यात कमी म्हणजे दुधातही कमी.