आमची वाटचाल : मोडीच्या भावापासून वाटणीच्या कागदापर्यंत

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात आम्ही सुरुवात केली ती जुन्या दागिन्यांची मोड तपासण्यापासून. कसोटीवर रेघ, काट्यावर वजन, त्या दिवसाच्या भावाने हिशेब. वारशाचे डबे घेऊन येणाऱ्या घरांना मात्र हा एक आकडा पुरत नाही. विकायला, विम्याला आणि वाटणीला एकाच दागिन्याची किंमत निरनिराळी निघते. आमचे काम वाढले ते यामुळेच.

लाखेवरची बोरमाळ घ्या. समजा, काट्यावर 30 ग्रॅम भरली. लाख काढल्यावर सोने उरले 21 ग्रॅम, कस 20 कॅरट, म्हणजे शुद्ध सोने साडेसतरा ग्रॅम. मोडीत पैसे याचेच मिळतात, घडणावळीचे काहीच नाही. विम्यासाठी मात्र तशीच माळ आज नव्याने घडवायला किती लागतील, हे धरायचे. कस पाहायचे मशीन वरचाच थर वाचते, म्हणून जाड मुलाम्यावर ते फसते. जुन्या वाटणीपत्रातला तोळा साधारण 11.66 ग्रॅमचा असतो, आज दुकानात बोलतात तो 10 ग्रॅमचा. भावाभावांत ‘सोने कमी कसे भरले’ हा संशय पुष्कळदा इथूनच उठतो. नथीतले मोती बसऱ्याचे आहेत असे घरात सांगत आले असतील, तरी ते नैसर्गिक की संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, हे क्ष-किरण तपासणीशिवाय आम्ही लिहून देत नाही.

पुढे तसबिरीही येऊ लागल्या. घरोघरच्या ‘अस्सल रविवर्मा’ बहुधा 1894 साली सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातल्या किंवा त्यानंतरच्या छापील प्रती असतात. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात. प्रतीलाही गिऱ्हाईक असते, पण चौकटीत बसवायला कडा कापल्या आणि खालचे छापखान्याचे नाव गेले की भाव पडतो. देवीच्या साडीवर आजीने जर-टिकल्या चिकटवल्या असतील तर त्या काढू नका. खुद्द रविवर्म्यांनी रंगवलेले चित्र निघाले, तर 1972 च्या कायद्याने ते कलानिधी ठरते आणि परदेशातल्या मुलाला ते घेऊन जाता येत नाही.

नागपूरच्या घरांत चित्रांचा मोठा वैरी म्हणजे कूलर. उन्हाळाभर समोरच्या भिंतीवर दमट वारा बसतो, काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते. चित्र कूलरच्या झोतातून हलवा, काच आणि कागद यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून फट ठेवा, मागचा हार्डबोर्ड काढून आम्लरहित पुठ्ठा लावा.

आता प्रत्येक वस्तूमागे आम्ही दोन कागद करतो. एकावर बाजारभाव. दुसऱ्यावर ती कोणाची, कोणत्या लग्नात घातली, दुरुस्ती कुठे झाली, अंगावर असतानाचा फोटो. या दोन्हींची बेरीज करायची नाही, असे आम्ही ठामपणे सांगतो. वाटणीत आधी चिठ्ठ्या टाकून पाळी ठरवावी आणि भाव न सांगता प्रत्येकाने एकेक वस्तू उचलावी. बाजारभावातला फरक शेवटी रोखीने भरून काढावा. एकाच वस्तूवर दोघांचा जीव असेल, तर दोघांनी बंद पाकिटात आकडा लिहावा. मोठा आकडा लिहिणाऱ्याने वस्तू घ्यावी आणि तो आकडा त्याच्या नावे धरावा. जोड, सेट तोडून वाटू नये.

वारशाने मिळाले म्हणून कर लागत नाही, विकल्यावर नफ्यावर लागतो. वस्तू घरात 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल, तर त्या तारखेचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. तो नोंदणीकृत मूल्यांककाकडून विकण्याआधीच लिहून घ्यावा, कारण वस्तू आटवल्यावर तपासायला काही उरत नाही.