इंग्लंडातल्या रेडिंगच्या हिवाळी सेलमध्ये रिसेप्शनचा सूट मिळवला, त्याचा अनुभव

धाकट्या भावाचं लग्न फेब्रुवारीत नाशिकला आणि रिसेप्शनला सूट पाहिजेच असा आईचा फोनवरून हुकूम. तिकडे शिवायला टाकायचा तर मी पोचणार लग्नाच्या तोंडावर, मग ट्रायल कधी आणि अल्टर कधी, म्हणून ठरवलं की इथूनच घ्यायचा, पण पूर्ण भावाने घ्यायचा नाही. इथे इंग्लंडात २६ डिसेंबरला, बॉक्सिंग डेला, खरे सेल सुरू होतात आणि जानेवारीभर चालतात. ब्लॅक फ्रायडेला पण बोर्ड लागतात, पण तेव्हा सूट-कोटांवर मला तरी काही खास सवलत दिसली नाही.

तयारी नोव्हेंबरातच केली. शनिवारी इथल्या ब्रॉड स्ट्रीट आणि द ओरॅकल मॉलमधल्या दुकानांत जाऊन नुसते कोट घालून बघितले, घेतलं काही नाही, सेल्समनला सरळ सांगितलं की माप बघतोय. सूटच्या मापात ३८, ४० म्हणजे छाती इंचात आणि पुढे शॉर्ट, रेग्युलर, लाँग असतं ते उंचीप्रमाणे, त्यावर कोट किती लांब आणि बाही किती लांब ते ठरतं. माझी उंची पाच फूट पाच, त्यामुळे ३८ रेग्युलर घातला की कोट मांडीपर्यंत येतो आणि मी शाळेच्या गॅदरिंगमधला पुढारी दिसतो. ३८ शॉर्ट एकदम फिट. आवडलेल्या दोन-तीन सूटच्या टॅगचे फोटो काढून ठेवले, कोड नंबर आणि किंमत दोन्ही दिसेल असे. हे फार कामाला आलं, कारण सेलमध्ये बराच माल असा असतो जो डिसेंबरच्या आधी दुकानात कधी दिसलाच नव्हता, खास सेलसाठी आणलेला, आणि त्यावर 'आधी इतके आता इतके' लिहिलेलं असलं तरी तो आधी कोणी पाहिलाय? फोटो हातात असला की नोव्हेंबरात खरंच त्या किमतीला टांगलेला माल कुठला ते कळतं. टॅगवर स्टिकरवर स्टिकर असतील तर खालचा वाचून बघा, उतरण कशी झाली ते तिथेच लिहिलेलं असतं.

बॉक्सिंग डेला ट्रेन जवळजवळ सगळीकडे बंद असतात, त्यामुळे लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटला जाऊया म्हणणारे मित्र आपोआप गप्प बसले. नेक्स्ट या कपड्यांच्या दुकानाच्या सेलला लोक पहाटे अंधारात रांग लावतात हे इथे वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे, मी काही त्या फंदात पडलो नाही, आरामात चहा पिऊन गेलो. कारण माझं गणित वेगळं होतं. मिडियम साइज, ४० रेग्युलर, ३२ कंबर, ९ नंबरचा बूट, हे ज्यांना लागतं त्यांनी पहिल्याच दिवशी धावावं, दुपारपर्यंत रॅक रिकामे होतात. ज्यांचं माप कडेचं आहे, खूप बारके, खूप बुटके किंवा खूप जाडे, त्यांनी थांबावं, त्यांचा माल मागे राहतो आणि जानेवारीत दुसऱ्यांदा भाव उतरतो तेव्हा तोच अजून स्वस्त मिळतो. शिवाय २७ तारखेनंतर लोक ख्रिसमसला मिळालेले नको असलेले स्वेटर-शर्ट परत आणून टाकतात, ते पुन्हा रॅकवर येतात, म्हणजे पहिल्या दिवशी नव्हतं ते चौथ्या दिवशी दिसू शकतं.

तर कोट मिळाला, गडद निळा, शंभर टक्के लोकर, अर्ध्याहून कमी भावात. खरी कसरत पुढे. इथे बऱ्याच ठिकाणी कोट आणि पँट वेगवेगळे विकतात, आणि सेलमध्ये कोट आहे तर त्याची पँट गायब. शेजारची निळी पँट लावून बघितली तर ट्यूबलाइटमध्ये सेम आणि दारात उजेडात आणली तर सरळ सरळ वेगळी, असलं जुगाड रिसेप्शनच्या फोटोत लगेच ओरडतं. मग टॅगवरचा कोड ऑनलाइन टाकला, माझ्या कंबरेत फक्त लाँग शिल्लक होती, तीच मागवली. पायाची लांबी काय, नाशिकला आमच्या गल्लीतला टेलर अर्ध्या तासात कमी करून देतो, इथे त्याच कामाचे पौंडात पैसे मोजा. खांद्याचं मात्र तसं नाही, खांदा बसला नाही तर कोट कितीही स्वस्त असो, जागेवर ठेवून द्यायचा. कापड आणि अस्तरही बघा, फेब्रुवारीत नाशिकला दुपारी चांगलं ऊन असतं, इथलं जाड ट्वीड घालून स्टेजवर उभं राहिलात तर नवरदेवाच्या आधी तुम्हालाच पंखा लागेल.

बाबांसाठी एक लँब्सवूलचा स्वेटर घेतला, घरी येऊन बघतो तर काखेत शिवण उसवलेली. दुकानात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणे सेलचा माल परत घेत नाही. त्याला शांतपणे म्हटलं, माल खराब असेल तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने ३० दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात, सेल असो नसो. मॅनेजर आली आणि निमूट पैसे दिले. नुसतं आवडलं नाही म्हणून परत करायचं असेल तर दुकानात तसा हक्क नाही, त्यांची पॉलिसी असेल तसं, ऑनलाइन घेतलेलं असेल तर मात्र हातात आल्यापासून १४ दिवसांत सांगता येतं. म्हणून फिटिंगबद्दल शंका असली की मी ऑनलाइनच मागवतो.

अजून एक, इकडे फिरायला येणारे नातेवाईक अजून विचारतात की एअरपोर्टला व्हॅट, म्हणजे खरेदीवरचा कर, परत मिळतो ना. नाही मिळत, १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्समध्ये ती सोय बंद आहे, टॅगवरची किंमत २० टक्के व्हॅट धरूनच असते आणि तीच शेवटची. आणि इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी मोठी दुकानं कायद्याने सहाच तास उघडी असतात, तेव्हा संध्याकाळी जाऊ म्हणून बसू नका.

सध्या एका ओव्हरकोटवर डोळा आहे. बाहेर मोठ्या अक्षरात वूल लिहिलंय आणि आतल्या पट्टीवर पॉलिएस्टर जास्त, म्हणून आत्ताच्या भावात तो घेणार नाही. अजून एकदा उतरला तर घेईन, नाहीतर मार्चपर्यंत जुन्या जॅकेटवर भागतंय.