स्पॅनिशच्या सावलीतलं इंग्रजी : बारा आठवड्यांच्या दुरुस्तीची नोंद

स्पॅनिश शिकणारे बरेच मराठी हौशी भाषेची अदलाबदल करतात. मेक्सिको, कोलंबिया किंवा स्पेनमधला जोडीदार आपलं स्पॅनिश तपासतो, आपण त्याचं इंग्रजी. बोलण्यात हे निभावून जातं. लिखाण तपासायला घेतलं की पंचाईत होते, कारण स्पॅनिश माणसाच्या काही चुका मराठी कानाला लगेच टोचतात आणि काही इतक्या घरच्या वाटतात की डोळ्यांसमोरून निघून जातात. खालची नोंद मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

सामान फारसं नाही. जोडीदाराने आठवड्यातून दोनदा साधारण 150 शब्दांचा मजकूर लिहायचा. केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत एका उत्तराला 140 ते 190 शब्द मागतात, तेव्हा परीक्षा द्यायची असली तरी हे माप चालतं. मजकूर दुप्पट ओळी सोडून छापायचा. चुकांना अक्षरखुणा ठरवून घ्यायच्या: क म्हणजे कर्ता, वि म्हणजे विरामचिन्ह, आ म्हणजे आर्टिकल, का म्हणजे काळ, श म्हणजे प्रिपोझिशन आणि क्रियापदाची जोडणी, म म्हणजे फसवा मित्रशब्द, दोन्ही भाषांत सारखा दिसणारा पण वेगळ्या अर्थाचा. समासात फक्त खूण करायची, दुरुस्ती लिहायची नाही. दुरुस्ती ज्याची त्याने करायची. तपासणाऱ्याने लाल शाईने वाक्य नवं करून दिलं की जोडीदार ते वाचतो, मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा लिहितो.

सगळ्या नोंदीसाठी एकच नमुना घेऊ. मूळ स्पॅनिश वाक्य अगदी सरळ आहे, त्याचं इंग्रजी असं उतरतं:

«इन माय टाउन द पीपल इज व्हेरी प्राउड ऑफ द ब्रेड, इज समथिंग दॅट वी ईट ऑल द डेज, माय ग्रँडमदर एक्सप्लेन्ड मी हाउ टू मेक इट व्हेन आय हॅड टेन इयर्स अँड सिन्स दॅट मोमेंट आय मेक इट एव्हरी संडे.»

शब्द 41, वाक्य एक. मोजलं तर आठ ठिकाणी खूण पडते, म्हणजे शंभर शब्दांना जवळजवळ 20. एवढ्याशा तुकड्यावरून काढलेला आकडा फसवा असतो. निदान चार मजकुरांची बेरीज झाल्याशिवाय चुकांच्या प्रमाणाचा आलेख काढू नये.

आठवडा 1 आणि 2 : पूर्णविराम, मग कर्ता

क्रम बदलू नका. बहुतेक जण आधी शब्द दुरुस्त करतात आणि तिथेच अडकतात. आधी वाक्य तोडायचं, कारण तोडल्यावरच बाकीच्या चुका उघड्या पडतात.

स्पॅनिशमध्ये दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने शेजारी बसवलेली बऱ्याचदा खपतात, आणि लांबलचक, आतल्या आत वळणं घेणारं वाक्य हे शाळेत सुशिक्षितपणाचं लक्षण मानलं जातं. आपल्याकडच्या जुन्या अग्रलेखांची आठवण झाली तर नवल नाही. इंग्रजी गद्याला मात्र हा स्वल्पविराम सहन होत नाही. कसोटी सोपी आहे: प्रत्येक स्वल्पविरामावर बोट ठेवायचं आणि डावीकडचा भाग एकटा उभा राहतो का, उजवीकडचा एकटा उभा राहतो का, ते पाहायचं. दोन्ही उभे राहत असतील तर तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा «अँड», «बट» यांपैकी काहीतरी हवं. शिवाय 25 शब्दांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायची. लांब वाक्य चूकच असतं असं नाही, पण बहुतेक चुका तिथेच दडलेल्या असतात.

नमुन्यात पहिला स्वल्पविराम तोडला की «इज समथिंग दॅट वी ईट» हा तुकडा एकटा पडतो आणि कर्ता नसल्याचं दिसतं. स्पॅनिश क्रियापदाच्या प्रत्ययातच पुरुष आणि वचन असतं, त्यामुळे कर्ता गाळला तरी काही बिघडत नाही. «एस इम्पोर्तान्ते» म्हणजे «महत्त्वाचं आहे». मराठीतही तेच, आणि म्हणून «इज इम्पॉर्टंट टू रीड» हे आपल्या कानाला बोचत नाही. इथे कानावर विसंबायचं नाही. प्रत्येक क्रियापदाला गोल करायचा आणि त्याच्या डावीकडे कर्ता दाखवायला लावायचा. दाखवता आला नाही तर «इट» किंवा «देअर» घालायचं.

याच फेरीत उलटलेला क्रमही पकडायचा. स्पॅनिशमध्ये «एक्सिस्तेन मुचास रासोनेस», क्रियापद आधी आणि कारणं नंतर, हे रोजचं आहे. त्यातून «एक्झिस्ट मेनी रीझन्स» जन्मतं. हवं असतं «देअर आर मेनी रीझन्स».

आठवडा 3 आणि 4 : आर्टिकल

मराठी तपासनीसाचा हा सगळ्यात कच्चा भाग. आपल्या भाषेत आर्टिकलच नाही, त्यामुळे आपल्याकडे «द» कमी पडतो. स्पॅनिश माणसाकडे तो जास्त होतो. सर्वसाधारण अर्थाच्या नामालाही स्पॅनिशमध्ये आर्टिकल लागतं: «ला बिदा एस दुरा», जीवन कठीण आहे. त्यातून «द लाइफ इज हार्ड». नियम असा लावायचा: नाम एकूण त्या प्रकाराबद्दल असेल आणि ते अनेकवचनी किंवा न मोजता येणारं असेल, तर «द» काढायचा. «द पीपल» मधला «द» याच नियमाने जातो.

उलटी चूक व्यवसायाची. «सोय मेदिको» यात आर्टिकल नाही, «मी डॉक्टर आहे» यातही नाही, इंग्रजीत मात्र «अ डॉक्टर» हवं. दोन्ही भाषा एकाच बाजूला असल्या की चूक हमखास सुटते.

याच पंधरवड्यात वचनाचं पाहून टाकायचं. स्पॅनिशमध्ये «हेन्ते» म्हणजे लोक, पण शब्द एकवचनी, म्हणून «पीपल इज». उलट सल्ले, बातम्या, फर्निचर, माहिती यांची तिथे अनेकवचनं होतात, म्हणून «ॲडव्हायसेस», «फर्निचर्स», «इन्फर्मेशन्स». विशेषणालाही अनेकवचनाचा प्रत्यय लागतो, म्हणून «डिफरंट्स थिंग्ज». हे यांत्रिक आहे, लवकर सुटतं.

आठवडा 5 आणि 6 : काळ

«बिबो आकी देस्दे 2010» आणि «2010 पासून इथे राहतो» यांची बांधणी एकच, वर्तमानकाळ. म्हणून «आय लिव्ह हिअर सिन्स 2010» हे वाक्य लिहिणाऱ्यालाही बरोबर वाटतं आणि तपासणाऱ्यालाही. सगळ्या बारा आठवड्यांत सर्वांत जास्त निसटणारी चूक हीच. मजकुरात «सिन्स» आणि «फॉर» शोधायचे, दोघांच्याही शेजारचं क्रियापद तपासायचं. नमुन्यातलं «आय मेक इट» इथे «आय हॅव मेड इट» होतं.

वयाचं बरं आहे. स्पॅनिश माणसाला वर्षं «असतात», म्हणून «आय हॅड टेन इयर्स». मराठीत आपण दहा वर्षांचे असतो, त्यामुळे हे आपल्याला पटकन दिसतं. «सु» या शब्दाचंही तसंच: त्याचा, तिचा, त्यांचा, आपला, सगळ्यांना तोच एक शब्द, म्हणून «मारिया अँड हिज मदर» असं होऊन बसतं. मराठीत त्याची आणि तिची वेगळी असल्याने कान लगेच टवकारतात.

आठवडा 7 ते 9 : जोडणी

तीन आठवडे दिले तरी हे पुरत नाहीत. स्पॅनिशमधलं एकटं «एन» इंग्रजीतल्या «इन», «ऑन», «ॲट» या तिघांचं काम करतं. नियम पाठ करून फायदा नाही, क्रियापद आणि प्रिपोझिशन जोडीनेच लिहून ठेवायची. नेहमीच्या: «डिपेंड ऑफ» नाही «ऑन», «कन्सिस्ट इन» नाही «ऑफ», «मॅरीड विथ» नाही «टू», «ड्रीम विथ» नाही «अबाउट», «थिंक इन» नाही «अबाउट», «अराइव्ह टू» नाही «ॲट» किंवा «इन». शंका आली की कोका या अमेरिकी इंग्रजीच्या शब्दसंग्रहात दोन्ही जोड्या टाकायच्या. अब्जाहून जास्त शब्दांमध्ये कोणती किती वेळा येते ते समोर दिसतं, वाद मिटतो.

«एक्सप्लेन्ड मी» हीही जोडणीचीच चूक. «मला समजावलं» तसंच स्पॅनिशमध्ये, त्यामुळे आपण मान डोलावतो. «एक्सप्लेन» नंतर माणूस आला तर मध्ये «टू» हवा, किंवा सरळ «शोड मी» लिहावं. प्रिपोझिशननंतर स्पॅनिशमध्ये मूळ धातू येतो, म्हणून «बिफोर टू ईट». आपलं «जेवण्याआधी» इंग्रजीच्या «बिफोर ईटिंग» शी जुळतं, तेव्हा जोडीदाराला समजावताना मराठी उदाहरण खुशाल द्यावं.

आठवडा 10 आणि 11 : शब्द

इथे चूक कमी आणि विचका जास्त. फसवे मित्रशब्द सर्वांना माहीत असतात: «आक्तुआल्मेन्ते» म्हणजे सध्या, «एबेन्तुआल्मेन्ते» म्हणजे कदाचित किंवा अधूनमधून, «आसिस्तिर» म्हणजे हजर राहणं, «प्रेतेन्देर» म्हणजे इरादा असणं, «दिस्कुतिर» यात भांडणाची छटा, «कोम्प्रोमिसो» म्हणजे बांधिलकी. धोका असा की «ॲक्च्युअली आय लिव्ह इन बोगोता» हे व्याकरणाने बिनचूक आहे. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर त्यावर रेघ मारत नाही.

त्याहून खोल गोष्ट शब्दांच्या थराची आहे. 1066 च्या नॉर्मन स्वारीनंतर इंग्रजीवर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा थर चढला. घरगुती क्रियापदं मात्र बहुतांशी जुनीच राहिली. स्पॅनिश माणसाला लॅटिन थर हा घरचा: «ओब्तेनेर», «कोमेन्सार», «तोलेरार», «पोस्पोनेर» हे त्याचे रोजचे शब्द. तो «ऑब्टेन», «कमेन्स», «टॉलरेट», «पोस्टपोन» लिहितो, आणि वाचणाऱ्याला तो कचेरीतून बोलतोय असं वाटतं. मराठीत कोणी «पाणी प्यायलो» ऐवजी «जल प्राशन केले» लिहावं तसंच हे. चूक काढता येत नाही, पण आजीच्या पावाबद्दल असं कोणी लिहीत नाही. उपाय: मजकुरातल्या प्रत्येक लांब क्रियापदाशेजारी «गेट», «स्टार्ट», «पुट अप विथ», «पुट ऑफ» यांसारखं छोटं लिहून पाहायचं आणि दोन्ही मोठ्याने वाचायची. अर्जात लांब ठेवायचं, पत्रात छोटं. सगळीकडे छोटं केलं तरी लिखाण उथळ होतं, तेव्हा ही फेरी हात राखूनच करावी.

या पंधरवड्यात उलट अनुवाद फार उपयोगी. चांगल्या इंग्रजी गद्याचा 100 ते 120 शब्दांचा परिच्छेद जोडीदाराने स्पॅनिशमध्ये करायचा, तीन दिवस बाजूला ठेवायचा, मग मूळ न बघता परत इंग्रजीत आणायचा आणि शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचं. त्याच दिवशी केलं तर मूळ वाक्य डोक्यात असतं आणि सराव स्मरणशक्तीचा होतो. हे कितपत साधतं असं कोणी विचारलंच, तर 1775 साली स्पेनमधल्या सेव्हियात जन्मलेले लेखक होसे मारिया ब्लांको व्हाइट 1810 मध्ये इंग्लंडला गेले आणि त्यांच्या इंग्रजी सुनीताची इंग्रज कवी कोलरिजने तारीफ केली. घराणं मूळचं आयरिश होतं, हे मात्र सांगायला हवं.

आठवडा 12 : झाडलोट

वार, महिने आणि भाषांची नावं स्पॅनिशमध्ये छोट्या अक्षराने सुरू होतात, इंग्रजीत मोठ्या. देवनागरीत हा भेदच नाही, तेव्हा ही फेरी शेवटी आणि डोळ्यांत तेल घालून. «प्रोफेशनल», «पॉसिबल», «कम्युनिकेशन» यांत इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधलं व्यंजन दुहेरी असतं, स्पॅनिशमध्ये एकेरी. संवाद स्पॅनिशमध्ये लांब आडव्या रेघेने सुरू होतो, इंग्रजीत अवतरणचिन्ह. संगणकावर मजकुराची भाषा स्पॅनिशच राहिली असेल तर सगळं पान लाल दिसतं, तेव्हा आधी ती बदलावी.

नमुना आता असा: «इन माय टाउन पीपल आर प्राउड ऑफ देअर ब्रेड. वी ईट इट एव्हरी डे. माय ग्रँडमदर शोड मी हाउ टू मेक इट व्हेन आय वॉज टेन, अँड आय हॅव मेड इट एव्हरी संडे सिन्स.» शब्द 34, वाक्यं तीन. «व्हेरी» आपसूक गळला.

एक पान मात्र तपासणाऱ्याने स्वतःसाठी राखावं आणि त्यावर भ ही खूण घालावी, भ म्हणजे भारतीय. «डिस्कस अबाउट», «प्लीज डू द नीडफुल», उत्तर द्या या अर्थी «रिव्हर्ट» असे आपले शब्द जोडीदार बिनदिक्कत उचलतो, कारण ते त्याला शिकवणाऱ्याकडून मिळालेले असतात.