कसली वाळलीयस गं!

गौरी जेवल्या, पाहुणे गेले, भांडी लागली, तरी वन्संचं वाक्य डोक्यातून जात नाही. भर पंगतीत म्हणाल्या, "कसली वाळलीयस गं! बरं नाही का?" मग सगळ्याच माझ्याकडे बघायला लागल्या. काकूंनी हनुवटीला धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. मी दुसरी पुरणपोळी नको म्हटलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

मी आजारी नाहीये. गेल्या गौरींना स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ताटं नेताना मला धाप लागत होती, ओट्याला टेकून उभी राहत होते. तेव्हा कोणीच विचारलं नाही, बरं नाही का म्हणून. तेव्हा मी छान भरलेली दिसत होते ना! हे लिहितानाही डोळ्यांत पाणी येतंय. एवढं काय लागलं मला त्या बोलण्यात?

रक्ततपासणीत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ टक्के आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. रिपोर्ट हातात घेतला आणि आईच्या पायाचं आठवलं. ते इथे नको.

तेव्हापासून भात कमी केला, वरण घट्ट केलं, रोज एक उसळ आणि सकाळी दोन अंडी. प्रौढ माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे माझ्या वजनाला साधारण ५५ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम सहा. आमच्या पातळ वरणातून आणि आमटीतून ती येणार कुठून? उपासाची साबुदाण्याची खिचडी तर मी सोडूनच दिली, नुसता स्टार्च तो. त्यावर घरात जे झालं ते झालं.

व्यायाम पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत. सूर्यनमस्कार, बैठका, आणि पिठाची पिशवी. सूर्यनमस्कारात छाती, खांदे, पाय सगळं येतं, पण ओढायचं काम येत नाही, पाठ मागे राहते. म्हणून कमरेतून वाकायचं, पाठ सरळ ठेवायची आणि पाच किलोची पिशवी कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढायची. सुरुवातीला मनगट थरथरायचं, पिशवी वाकडी व्हायची. आता ती सरळ वर येते. जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच, हे कळल्यापासून मला काट्यावरच्या आकड्यापेक्षा त्या पिशवीचं जास्त वाटतं. काल गौरींचे डबे माळ्यावरून मी एकटीने उतरवले. ते कुणाला दिसलं नाही. मला वाटतं, दुखलं ते हेच. कमी झालेलं सगळ्यांना दिसलं, वाढलेलं कुणालाच नाही.

आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी तिथल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले, आणि आजोबांनी ते म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण सगळा गाव कौतुक करायचा. बाईचं अंग तसं झालं की घरात काळजी सुरू होते. हे मला पटत नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही.

पण मघाशी पातेली घासताना मामंजी आठवले. शुगर कळायच्या आधी तेही असेच उतरत गेले होते, विजारीचा नाडा रोज थोडा जास्त आवळायचे. आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं. पहिल्यांदा हटकलं ते वन्संनीच. "बाबा, बरं नाही का?" अगदी हेच शब्द. त्यांच्या लेखी अंग उतरणं म्हणजे तेच. आज पंगतीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते त्याच डोळ्यांनी. घाबरल्या होत्या त्या. मी उगाच रागाने ताटात बघत बसले.

लागायचं ते लागलंच, अजूनही लागतंय. पण वन्संवर राग उरला नाही.

दसऱ्याला त्यांच्याकडे जायचंय. तोवर पुन्हा रक्त तपासून घेते, आणि रिपोर्ट त्यांच्याच हातात देते. त्या स्वतः हल्ली सोफ्यावरून दोन्ही हात टेकल्याशिवाय उठत नाहीत, ते मी आज पाहिलंय. खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच करायची, हात छातीशी घ्यायचे आणि पायांच्या जोरावर उठायचं. जमायला लागलं की एक उशी काढायची. आधी नाहीच म्हणतील. मी समोर दुसऱ्या खुर्चीवर बसेन, दोघी मिळून उठू.